साके आणि जपानी जेवण: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कोणी जपानला फिरायला निघालेलं असतं, कोणी नोकरीसाठी तिकडे गेलेलं असतं, कोणाला एखादी बाटली गिफ्ट आलेली असते, प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून एका जागी लिहून ठेवतेय. माझं मत आधीच सांगून टाकते: जेवणाबरोबर साके, म्हणजे जपानची तांदळाची दारू, प्यायची असेल तर महागड्या दाइगिंजोच्या (खूप घासलेल्या तांदळाच्या, फळांच्या वासाच्या साकेच्या) मागे लागू नका, साधी चांगली जुनमाई (वरून अल्कोहोल न घातलेली साके) घ्या आणि कोमट करून मागा. खालची निम्मीअधिक उत्तरं याच एका गोष्टीपाशी येतात.

साके म्हणजे नक्की काय? वाइन, बिअर की आपल्या फेणीसारखं काही?

फेणीसारखं नाही, कारण साके गाळलेली (डिस्टिल केलेली) दारू नाही, आंबवलेली आहे. तांदूळ, पाणी, यीस्ट आणि कोजी नावाची बुरशी, एवढंच. वाफवलेल्या तांदळावर ही बुरशी वाढवतात, ती तांदळातल्या स्टार्चची साखर करते आणि त्याच टाकीत त्याच वेळी यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करत असतं. दोन्ही कामं बरोबरीने चालल्यामुळे गाळल्याशिवायच अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतं, मग बहुतेक वेळा पाणी घालून ते १५-१६ टक्क्यांवर आणतात. म्हणजे वाइनपेक्षा थोडी जास्त. मेनूवर शोचू दिसली तर ती वेगळी, ती गाळलेली असते आणि बरेचदा २५ टक्के असते. दुकानात साके हवी असेल तर निहोनशु म्हणून विचारा, पटकन कळतं.

लेबलवर जुनमाई, होनजोझो, गिंजो, दाइगिंजो असं काय काय असतं, ते कसं वाचायचं?

दोनच प्रश्न विचारायचे. पहिला, वरून थोडं गाळलेलं अल्कोहोल घातलंय का? नसेल घातलं तर नावात जुनमाई हा शब्द असतो. घातलं असेल तर होनजोझो, किंवा नुसतं गिंजो किंवा दाइगिंजो. यात फसवाफसवी काही नाही, प्रमाणावर कायद्याची मर्यादा आहे आणि त्यामुळे वास उघडतो, चव हलकी होते. दुसरा प्रश्न, तांदूळ किती घासलाय? दाण्याच्या बाहेरच्या भागात प्रोटीन आणि फॅट जास्त असतं म्हणून तो घासून काढतात. लेबलवरचा आकडा म्हणजे घासून उरलेला दाणा. गिंजोला ६० टक्के किंवा कमी, दाइगिंजोला ५० टक्के किंवा कमी, होनजोझोला ७० टक्के किंवा कमी. जुनमाईला आधी अशी अट होती, ती २००४ मध्ये काढली.

मग दाइगिंजो सगळ्यात भारी, तीच घ्यावी ना?

नुसती प्यायची असेल तर घ्या, सुंदर असते. पण जेवणाबरोबर बहुतेक वेळा नको.

कारण साधं आहे. गिंजो आणि दाइगिंजोमध्ये जो सफरचंदाचा, केळ्याचा, खरबुजाचा वास येतो तो थंडीत हळूहळू आंबवल्याने तयार झालेल्या एस्टर्सचा असतो आणि तो फार बोलका असतो. समोर सोया सॉसमध्ये शिजवलेला मासा किंवा मिसो (सोयाबीनची आंबवलेली पेस्ट) लावून भाजलेलं वांगं असलं की त्या फळांच्या वासाचं आणि जेवणाचं काही जुळत नाही, दोघं आपापल्या दिशेला तोंड करून बसतात. शिवाय तांदूळ एवढा घासला की अमिनो अॅसिडं कमी होतात, म्हणजे ज्या उमामीमुळे साके जेवणाला धरून राहते तीच पातळ होते. यामागुचीची दास्साई २३ घ्या, तिचा तांदूळ २३ टक्के उरेपर्यंत घासतात, कारागिरी अफाट आहे, पण ती मी ओदेनबरोबर, म्हणजे रश्श्यात मंद शिजवलेल्या मुळा-अंड्यांबरोबर, कधीच मागवणार नाही.

दाइगिंजो कुठे शोभते तर जेवणाच्या सुरुवातीला. हिरामे किंवा ताईसारख्या पांढऱ्या माशाची पातळ साशिमी, सोया सॉसऐवजी मीठ आणि सुदाची नावाचं छोटं आंबट लिंबू, आणि थंड दाइगिंजो. तिथे तिला तोड नाही.

माशाबरोबर वाइनपेक्षा साके बरी असं सगळे म्हणतात, त्यात तथ्य आहे की नुसता अभिमान?

तथ्य आहे. वाइनबरोबर सीफूड खाल्ल्यावर कधीकधी तोंडात एक उग्र, मासळीसारखी चव मागे राहते, त्याचं कारण जपानी संशोधकांनी २००९ मध्ये मांडलं, वाइनमधलं लोह. त्यांनी होताते नावाच्या शिंपल्याबरोबर वेगवेगळ्या वाइन चाखून बघितल्या आणि जिच्यात लोह जास्त तिच्याबरोबर ही चव जास्त आली. साकेत लोह जवळजवळ नसतंच, कारण लोहाने साकेचा रंग आणि वास बिघडतो, त्यामुळे साके बनवणारे लोक लोहाच्या पाण्यापासून शतकानुशतकं लांब राहिलेत. कोबेजवळच्या नादा भागाचं मियामिझु हे पाणी १८४० पासून प्रसिद्ध आहे, त्याचं एक मोठं कारण हेच की त्यात लोह अगदी कमी आहे.

दुसरी गोष्ट उमामीची. किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोंबू या समुद्री शेवाळातलं ग्लुटामेट शोधलं, त्यांचे विद्यार्थी शिंतारो कोदामा यांनी १९१३ मध्ये कात्सुओबुशीतलं, म्हणजे सुकवलेल्या बोनिटो माशातलं, इनोसिनेट शोधलं. ही दोन एकत्र आली की उमामी बेरजेने नाही, कितीतरी पटीने वाढते. दाशी या जपानी स्टॉकचं सगळं गणित यावर उभं आहे. आता साकेत ग्लुटामेटसकट भरपूर अमिनो अॅसिडं असतात आणि माशात इनोसिनेट, म्हणजे घास आणि घोट तोंडात भेटले की तोच परिणाम तिथे होतो. आणि मिसो, सोया सॉस, मिरीन (स्वयंपाकातली गोड तांदळाची दारू) हे सगळं कोजीवरच बनतं, साकेसकट सगळी एकाच घरातली मंडळी. म्हणून जपानी जेवणाबरोबर साके अगदीच विजोड लागली असं क्वचित होतं, प्रश्न फक्त चांगली की फार चांगली एवढाच असतो.

गरम प्यायची की गार? गरम साके म्हणजे हलक्या दर्जाची, असं ऐकलंय.

हा गैरसमज जितक्या लवकर जाईल तितकं बरं. खराब साकेचे दोष लपवायला ती कडकडीत गरम करून द्यायची पद्धत होती हे खरं, आणि परदेशातल्या कित्येक रेस्टॉरंटमध्ये लोकांना तीच मिळाली, त्यावरून हे पसरलं. पण चांगली जुनमाई कोमट केली की ती जी खुलते ती थंड असताना कधीच खुलत नाही. साकेत लॅक्टिक आणि सक्सिनिक अॅसिड असतं, ही दोन्ही गरम झाल्यावर गोल आणि भरीव लागतात. वाइनमधली आंबट चव थंड छान लागते, इथे बरोबर उलटं आहे.

जपानमध्ये टेम्परेचरला नावंच आहेत. ५ डिग्रीला युकिबिए, १० ला हानाबिए, १५ ला सुझुबिए, २० च्या आसपास नुसती ठेवलेली ती हिया, मग ३० ला हिनाताकान, ३५ ला हितोहादाकान, ४० ला नुरुकान, ४५ ला जोकान, ५० ला आत्सुकान. हे पाठ करायची गरज नाही, नुरुकान एवढा एक शब्द लक्षात ठेवा. "नुरुकान दे ओनेगाइशिमासु" म्हटलं की काम झालं. वेटरने जर विचारलं की कोणती साके, तर तुम्हीच त्याला विचारा की गरम करून चांगली लागेल अशी कोणती आहे, ज्या दुकानात या प्रश्नाला उत्साहाने उत्तर मिळतं ते दुकान चांगलं.

गरम कोणती करू नये? दाइगिंजो शक्यतो नको, वास उडून जातो. नामाझाके म्हणजे पाश्चराइझ न केलेली, ती थंडच घ्या. जुनमाई, होनजोझो आणि किमोतो किंवा यामाहाई या जुन्या पद्धतीच्या साके गरम करायला सगळ्यात चांगल्या. किमोतो-यामाहाईत लॅक्टिक अॅसिड बाहेरून घालत नाहीत, ते बॅक्टेरियांकडून तयार होऊ देतात, त्यामुळे त्यांचा आंबटपणा ताकाच्या जातीचा असतो, आणि कोमट केल्यावर तो तेलकट-तुपकट खाण्याला मस्त कापतो.

घरी कशी गरम करायची? मायक्रोवेव्ह चालेल?

चालतं, पण वरचा भाग कडकडीत आणि खालचा थंड असं होतं. त्यापेक्षा हे करा. तोक्कुरी म्हणजे अरुंद मानेची सुरई असेल तर ती, नसेल तर जाड काचेची किंवा सिरॅमिकची छोटी बरणी घ्या, मानेपर्यंत साके भरा, पूर्ण काठोकाठ नको कारण गरम झाल्यावर ती वर चढते. पातेल्यात पाणी उकळा, गॅस बंद करा, मिनिटभर थांबा, मग तोक्कुरी त्यात ठेवा, पाणी साधारण खांद्यापर्यंत यायला हवं. एक गो म्हणजे १८० मिली असेल तर दोन-तीन मिनिटांत नुरुकान होते. बोट बुडाला लावून बघा, कोमटपेक्षा जरा जास्त वाटलं की काढा. गॅस चालू ठेवून उकळत्या पाण्यात ठेवू नका, त्यात अल्कोहोलचा वास नाकात जातो आणि साके उगाच तिखट लागते.

साशिमी आणि सुशीबरोबर कोणती?

सगळ्या माशांना एकच साके लावू नका. पांढऱ्या माशाचं वर सांगितलं. लाल ट्यूनाला, म्हणजे अकामीला, सोया सॉस लागतोच, तिथे रूम टेम्परेचरची जुनमाई. चुतोरो, बुरी असे चरबीवाले मासे असतील तर कोमट, कारण थंड घोटाने ती चरबी जिभेवर थिजते आणि कोमट घोटाने विरघळते, एकदा दोन्ही करून बघा, समजावून सांगावं लागणार नाही. शिमेसाबा म्हणजे व्हिनेगरमध्ये मुरवलेला मॅकरेल, त्याला किमोतो. सुशीत भाताला व्हिनेगर आणि मीठ लावलेलं असतं म्हणून फार गोडसर साके टाळा, कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, होनजोझो बरी. आणि बऱ्याच सुशीच्या दुकानात लोक सुशीबरोबर फक्त ग्रीन टी घेतात, तेही अगदी योग्य आहे.

इझाकायात, म्हणजे जपानी पबमध्ये, गेल्यावर काय ऑर्डर करायचं? मेनू बघूनच घाबरायला होतं.

आधी एक, बसल्या बसल्या न मागवता एक छोटी वाटी येते, ती ओतोशी, तिचे पैसे बिलात लागतात, चूक झालेली नाही. मग "ओसुसुमे" एवढा शब्द उच्चारा, काय चांगलं आहे ते सांगतील.

थंडीचे दिवस असतील आणि कोपऱ्यात ओदेनचं भांडं वाफाळत असेल तर पुढचा विचारच करू नका. चौकोनी भांड्यात दाशीमध्ये दाइकोन म्हणजे मुळा, अंडं, कोन्याकु, माशाच्या लगद्याच्या वड्या तासन्‌तास मंद आचेवर असतात. मुळा मागवा. तो दिसायला नुसता मुळाच असतो, पण चॉपस्टिकने दाबला की आडवा दुभंगतो आणि आतून दाशी सुटते, कडेला काराशी म्हणजे पिवळी झोंबरी मोहरी, किंचितशीच लावायची. शेजारी गरम पाण्यात धातूची चिरोरी बुडवलेली असते, तीतून साके छोट्या ग्लासात येते. मुळ्याचा घास, त्यावर नुरुकान जुनमाईचा घोट, आणि दाशीची चव घोटाबरोबर परत एकदा वर येते. हे मला कुठल्याही महागड्या साकेपेक्षा जास्त प्रिय आहे. टोक्योतल्या अकाबाने भागात तर कप साके थोडी उरली की त्यातच ओदेनचा रस्सा ओतून घेतात, वर शिचिमी म्हणजे तिखट मसाला भुरभुरतात. जरूर घ्या.

याकितोरी (काडीला लावून भाजलेली कोंबडी) असेल तर शिओ म्हणजे मीठ की तारे ते बघा. नुसतं मीठ लावलेल्या कोंबडीला हलकी होनजोझो, थंड किंवा रूम टेम्परेचर. तारे म्हणजे गोडसर सोयाचा लेप, त्याला यामाहाई कोमट, आणि तारे लावलेली कलेजी असेल तर नक्कीच कोमट. बोईट माशाची गाबोळी खारवून सुकवलेली, तिला कारासुमी म्हणतात, तिचे पातळ काप मिळाले तर घ्या, गाबोळी आवडणाऱ्यांना ती लगेच ओळखीची वाटेल. ती नखाएवढी तोंडात ठेवायची आणि वर घोट.

टेम्पुरा, कराआगे वगैरे तळलेलं?

टेम्पुराला कोरडी होनजोझो किंवा फेसाळ साके. कराआगेला, म्हणजे तळलेल्या कोंबडीला, खरं तर बिअर, त्यात वाईट वाटून घेऊ नका.

साके पीत असताना भात खात नाहीत, खरं का?

जुन्या पद्धतीत साधारण तसंच आहे. काइसेकी, म्हणजे एकामागून एक पदार्थ येणाऱ्या पारंपरिक जेवणात भात, मिसो सूप आणि लोणचं हे सगळ्यात शेवटी एकत्र येतं आणि ते आलं की पिणं संपलं असं समजायचं. इझाकायातही शेवटी शिमे, म्हणजे समारोप, म्हणून ओनिगिरी (भाताचा गोळा), ओचाझुके (चहा ओतलेला भात) किंवा नूडल्स घेतात. सोबाच्या दुकानात एदो काळापासूनची एक छान रीत आहे, आधी थोडी साके आणि तिच्याबरोबर तामागोयाकी (गुंडाळलेलं ऑम्लेट), कामाबोकोचे (माशाच्या लगद्याच्या वडीचे) काप वासाबीबरोबर, भाजलेलं मिसो असं काहीबाही, आणि मग शेवटी सोबा. दुपारी तीन-चारच्या सुमाराला, गर्दी नसताना, हे करण्यासारखं दुसरं सुख नाही.

वेगवेगळ्या भागातली साके वेगळी असते का? कुठे काय घ्यावं?

असते, आणि जिथे आहात तिथलीच प्या हा सल्ला नव्वद टक्के वेळा बरोबर ठरतो. कोचीमध्ये बोनिटो मासा पेंढ्याच्या जाळावर वरवर भाजून लसूण-मिठाबरोबर देतात, कात्सुओ नो ताताकी, आणि तिथली साके ठणठणीत कोरडी, कारण तसल्या धुरकट घासाला तीच पुरते. निइगाताची हलकी आणि स्वच्छ. इशिकावात यामाहाईची परंपरा मोठी, हिवाळ्यातल्या चरबीदार बुरीबरोबर किंवा बदकाच्या जिबुनी नावाच्या रश्श्याबरोबर ती घट्ट बसते. क्योतोच्या फुशिमीचं पाणी नादापेक्षा मऊ, म्हणून साकेही मऊ, ती युदोफुबरोबर (गरम तोफूबरोबर). हिरोशिमाजवळ साइजोत बिशुनाबे मिळतं, मांस आणि भाज्या साकेत शिजवतात आणि फक्त मीठ-मिरपूड घालतात, साके कारखान्यातल्या कामगारांचं जेवण होतं ते.

ओकायामाचं वेगळं सांगते कारण पुणेकरांना ते नाव माहीत असतं, सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान तिथल्या कोराकुएन बागेवरून केलंय. साकेवाल्यांना ओकायामा ओमाची तांदळासाठी माहीत असतं. १८५९ मध्ये सापडलेला हा जुना वाण, आजही बहुतेक तिथेच पिकतो, आणि सगळ्यात नावाजलेला यामादा निशिकी याच्याच वंशातला. ओमाचीची जुनमाई जरा रानटी, भरदार असते, तिथल्या भाज्या-मासे घातलेल्या बाराझुशीबरोबर घ्या.

लेबलवर +३, -२ असा आकडा असतो तो काय?

निहोनशुदो. अधिक म्हणजे कोरडीकडे, उणे म्हणजे गोडाकडे. पण आंबटपणा जास्त असेल तर तीच साके कोरडी लागते, त्यामुळे फक्त या आकड्यावरून जेवणाशी जोडी लावायला जाऊ नका.

आम्ही शाकाहारी आहोत, आम्हाला यात काही आहे का?

आहे, आणि चांगलं आहे, फक्त सावध राहायला लागतं. अडचण दाशीची, भाजीच्या पदार्थातही कात्सुओबुशी असते, आगेदाशी तोफूच्या रश्श्यातही आणि कित्येकदा सॉसमध्येही, आणि वाढणाऱ्याला ते मासे वाटतच नाहीत. म्हणून "शाकाहारी" एवढं सांगून भागत नाही, कात्सुओ दाशी नको असं स्पष्ट सांगा. कोयासान या बौद्ध तीर्थक्षेत्राच्या देवळांमध्ये राहायची सोय आहे, तिथलं शोजिन, म्हणजे मठातलं शाकाहारी, जेवण कोंबू आणि शिताके मशरूमच्या दाशीवर असतं, बऱ्याच ठिकाणी साकेही मिळते.

जोड्या सांगते. नासु देंगाकु, अर्धं चिरून भाजलेलं वांगं आणि वर गोड मिसो, त्याला कोमट जुनमाई, ही माझी सगळ्यात आवडती. युदोफु, कोंबूच्या पाण्यात गरम केलेलं तोफू, त्याला फुशिमीची कोमट साके, बरोबरचा सॉस विचारून घ्या. तिळात घोळवलेल्या भाज्या, लोणची, एदामामे, भाज्यांचा टेम्पुरा फक्त मिठाबरोबर. साके स्वतः तांदळाची असली तरी काही ठिकाणी ती नितळ करताना जिलेटिन वापरतात, कडक पाळणाऱ्यांनी लेबलवर वीगन खूण बघावी.

ओतायची काही पद्धत आहे का?

स्वतःच्या ग्लासात स्वतः ओतायचं नाही, दुसऱ्याला ओतायची, तो तुम्हाला ओततो. थोरामोठ्यांना ओतताना तोक्कुरी दोन्ही हातांनी धरा. लाकडी मासूत, म्हणजे चौकोनी पेल्यात, ग्लास ठेवून साके बाहेर सांडेपर्यंत ओतली तर ती उदारता आहे, आधी ग्लासातली प्या, मग मासूतली.

चढते किती?

कोमट साके सहज जाते, म्हणून जपून. प्रत्येक घोटामागे पाणी ठेवा, दुकानातही मागितलं की देतात. जपानमध्ये २० वर्षांखाली पिता येत नाही, आणि दारू पिऊन गाडी चालवण्याचा कायदा फार कडक आहे, सायकललाही लागू आहे. तिकडे राहणारे आपले बरेच लोक स्टेशनला सायकलने जातात, त्या दिवशी ती घरी ठेवा.

आपल्या जेवणाबरोबर चालेल?

मालवणी रस्सा, कोल्हापुरी तिखट यांच्यापुढे साके हरवून जाते. रवा लावून तळलेली सुरमई किंवा तिसऱ्या, नारळ-मसाला बेताचा, तिथे कोरडी जुनमाई छान लागते. शिंपल्यांमध्ये सक्सिनिक अॅसिड असतं, साकेतही असतं, म्हणून ही जोडी जमते.

उघडलेली बाटली किती दिवस टिकते?

फ्रीजमध्ये, उभी, उजेडापासून लांब. गिंजो-दाइगिंजो आठवडाभरात संपवा, नामाझाके त्याहून लवकर. जुनमाई, यामाहाई दोन-तीन आठवडे खुशाल, काही तर उघडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त चांगल्या लागतात. उरलीच तर तिसऱ्या धुऊन कढईत घाला, अर्धी वाटी साके, झाकण, शिंपले उघडले की गॅस बंद, वर कांद्याची पात, जपानमध्ये असारी, म्हणजे तिकडच्या तिसऱ्या, अशाच करतात. मीठ चाखून मगच घाला, शिंपल्यांचं पाणी खारट असतं. दुकानात स्वस्तात मिळणारी रयोरिशु मात्र स्वयंपाकाचीच असते, बहुतेक वेळा तिच्यात मीठ घातलेलं असतं, ती ग्लासात ओतू नका.